धुक्यातली बाग: करून घेतलेल्या जलरंग चित्राचा दोन वर्षांचा अनुभव

द्राक्षवाल्यांच्या घरात धुक्याचं चित्र कुणी लावत नाही. आमच्या घरात आहे. सांगून, पैसे मोजून करून घेतलंय, आणि येत्या फेब्रुवारीत त्याला दोन वर्षं होतील. चित्र करून घ्यायचं ठरवलं तेव्हा मी बरंच शोधलं होतं. किती पैसे पडतात, चित्रकाराला काय सांगावं, काय त्याच्यावर सोडावं, फ्रेम कशी करावी, पावसाळ्यात कागदाचं काय होतं, यातलं काहीच एका जागी नीट लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्तू. जलरंगातलं चित्र, १५ बाय २२ इंच, चित्रकार मंडळी याला हाफ इम्पीरियल म्हणतात. कागद आर्श कंपनीचा, शंभर टक्के सुती, ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. किंमत १८,००० रुपये, फ्रेमचे वेगळे. विषय आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची जुनी बाग, जानेवारीची पहाट, मागे रामशेज किल्ला.

ही बाग माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, २००४ साली लावलेली. नऊ बाय पाच फुटांवर, मांडवावर. वीस वर्षांत खोडं म्हातारी झाली, माल कमी यायला लागला. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी अवकाळी आणि गारपीट झाली, निफाडकडे तर बागाच्या बागा झोडपल्या गेल्या. आमच्याकडे गारा कमी पडल्या, पण ओल बसली ती बसलीच. त्या आठवड्यात घरात ठरलं की हा शेवटचा खुडा, म्हणजे शेवटची काढणी, मग बाग तोडायची. नाना काही बोलले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखे बागेत फेरी मारून आले आणि पेपर वाचत बसले.

माझ्या फोनमध्ये त्या बागेचे चारेकशे फोटो असतील. रोगाचे, घडांचे, मजुरांच्या हजेरीचे, मणी मोजायच्या पट्टीचे. एकाही फोटोत बाग दिसत नव्हती.

डिसेंबरात मुलीच्या शाळेच्या कामासाठी नाशिकला गेले होते. वेळ होता म्हणून कुसुमाग्रज स्मारकाच्या कलादालनात शिरले. तिथे जलरंगांचं प्रदर्शन होतं. नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्रांची जुनी सवय आहे. शिवाजी तुपे सरांनी रंगवलेला गोदाघाट पाहतच इथली कितीतरी मुलं ब्रश धरायला शिकली. त्या दिवशी भिंतीवर पावसातलं एक चित्र होतं. पूर्ण करडं, आणि त्यात घाटाच्या पायरीवर एकच लाल छत्री, तीही अर्धी पुसल्यासारखी. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. चित्रकार शेजारीच खुर्चीवर बसले होते. मी विचारलं, "सर, लोकांच्या शेतात येऊन चित्र काढता का?" ते म्हणाले, "ताई, काय आहे शेतात?" म्हटलं, "बाग आहे. मे महिन्यात नसेल."

पैशांचं बोलणं तिथेच पाच मिनिटांत झालं. निम्मे आधी, निम्मे चित्र हातात पडल्यावर. यायचा-जायचा खर्च त्यांचा. मकर संक्रांतीपर्यंत देतो म्हणाले. दिलं फेब्रुवारीच्या २४ तारखेला, ऐन खुड्याच्या गर्दीत, तेही मी चार फोन केल्यावर. ही तक्रार आहे आणि ती मी त्यांना तोंडावरही सांगितली. तुम्हाला चित्र एखाद्या समारंभासाठी हवं असेल तर दीड महिना जास्तीचा धरूनच चला.

आता धुक्याबद्दल. मी बागेचं चित्र मागितलं होतं, धुकं मागितलं नव्हतं.

धुकं म्हटलं की फिरायला जाणाऱ्याला सापुतारा आठवतो. मला पान उलटून बघणं आठवतं. पानावर दोन-तीन तास पाणी टिकलं तरी डावणी या बुरशीच्या रोगाला तेवढं पुरतं. वरून तेलकट पिवळा डाग, पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी. फुलोऱ्यात आली तर घडच्या घड जातो. पुढे मण्यात पाणी उतरायला लागलं की भीती बदलते, मग भुरी हा दुसरा बुरशीचा रोग आणि तडकलेले मणी. धुई पडली की आमच्याकडे चार वाजता दिवे लागतात. आमचे हे आधी दार उघडून अंगणातल्या बल्बकडे बघतात. बल्बभोवती कडं दिसलं की चहा न घेता ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतात. टाकीत औषध न भरता नुसती हवा मारायची, पानांवरचं दहिवर झाडायचं. सूर्य वर येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

सर पहिल्यांदा आले त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. त्यांनी पेन्सिलीनं दोन-तीन स्केचेस केली, चहा घेतला आणि म्हणाले, "छान आहे, पण अजून बाग बोलत नाही." दुसऱ्यांदा आले ७ जानेवारीला, रविवारी, साडेपाचला. त्या दिवशी हातभरावरचं दिसत नव्हतं. मी मनातून खट्टू झाले होते, त्यांना मात्र घाई झाली. बांधावर द्राक्षाचं क्रेट उलटं टाकून बसले, फळीवर कागद चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बसवला आणि रुंद ब्रशनं आधी नुसतं पाणी फिरवलं. मग रंग सोडला. मी शेजारी उभी राहून बघत होते. कागद वाळेचना. एरवी उन्हात पाच मिनिटांत वाळतो म्हणाले, त्या पहाटे अर्धा तास ओलाच. रंगाला कडा धरताच येत नव्हती, जे लावलं ते पसरायचं. सर म्हणाले, "ताई, आज मी धुकं काढत नाहीये. ते स्वतःच कागदावर येतंय." हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. हवेतल्या ओलीमुळे कागद वाळत नाही आणि कागद वाळत नाही म्हणून कडा मऊ होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चित्रात वर उजवीकडे एक वाटोळा फिकट डाग आहे. मांडवावरून दहिवराचा थेंब ओल्या रंगावर पडला, त्यानं रंग बाजूला सारला. तो त्यांनी दुरुस्त केला नाही. तिथेच आहे.

लांबचं फिकट, लांबचं निळसर, लांबच्या कडा मऊ, हे तर इलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनाही शिकवतात. माझ्या बहिणीकडे इंदिरानगरला हॉलमध्ये कॅनव्हासवर छापलेलं धुक्यातलं जंगल आहे, दीड हजारात घरपोच आलेलं. त्यात हे सगळे नियम पाळलेत. झाडं मागे मागे फिकी होत गेलीत, मधून उजेडाचा पट्टा आहे. दिसायला चांगलंच आहे. पण ते धुकं कुठल्या महिन्यातलं, कुठल्या गावचं, त्यात पहाटे कोण उठलं, हे काही कळत नाही. वर्षभर बघितलं तरी ते तेवढंच राहतं.

आमच्या चित्रात महिना कळतो. जवळ जाऊन बघा, मांडवाखाली बारीक बारीक पांढरे लांबट तुकडे आहेत. लांबून ते उजेडाचे कवडसे वाटतात. ते पेपर लावलेले घड आहेत. निर्यातीच्या मालाला ऊन लागून रंग बदलू नये म्हणून मणी फुगले की घडांना कागद गुंडाळतो, ते. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडतात. म्हणजे घडाभोवतीचा कागद हा चित्रातही कागदच आहे. आमच्याकडे येणारा कुठलाही बागाईतदार हे बघून लगेच सांगतो, "जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा." त्या पेपरांवरून त्याला छाटणी ऑक्टोबरातली हेही कळतं.

आणि मग तो ड्रम. डावीकडे खाली, चित्राच्या अगदी कोपऱ्यात, निळा प्लास्टिकचा दोनशे लिटरचा ड्रम. आमचा औषध कालवायचा. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, लोखंडात भिजवत नाहीत, म्हणून असले ड्रम प्रत्येक बागेत असतात. सरांनी संध्याकाळी कच्च्या चित्राचा फोटो पाठवला तेव्हा मी पहिली गोष्ट लिहिली ती ही, की तो ड्रम काढून टाका, घाण दिसतोय. त्यांनी फोन केला. म्हणाले, "ताई, रामशेज काढून टाका म्हणालात तर टाकतो. ड्रम नाही काढणार. तो काढला तर हे कुठलंही धुकं होईल." मग त्यांनी मला टर्नर नावाच्या इंग्रज चित्रकाराच्या एका तैलचित्राचा फोटो पाठवला. १८४४ सालचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत असतं. पाऊस आणि वाफेतून पुलावरून आगगाडी येते आहे. सगळं चित्र वितळल्यासारखं, आणि इंजिनाचं काळं धुराडं तेवढं नीट, टणक. ते धुराडं मी अंगठ्यानं झाकून बघितलं. चित्र सुंदरच राहिलं, पण गाडी कुठे जात नव्हती, पाऊस कुणावर पडत नव्हता.

मग मी ड्रम राहू द्या म्हटलं.

ड्रमबद्दलची खरी गोष्ट मला चार महिन्यांनी कळली. तोवर रोज बघत होते आणि दिसलं नव्हतं. ड्रमला लावलेला निळा अल्ट्रामरीन आहे, जवळजवळ न पातळ करता लावलेला. आणि धुक्याचा करडाही त्याच अल्ट्रामरीनचा. त्यात बर्न्ट सिएना नावाचा तांबूस मातकट रंग मिसळला की करडा तयार होतो. सर नंतर घरी आले तेव्हा मी विचारलं, त्यांनी मान डोलावली. म्हणजे अख्खं धुकं त्या ड्रममधल्या निळ्यात पाणी आणि आमच्या मातीसारखा रंग घालून केलेलं आहे. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकमेकांना धरतात आणि खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. त्यामुळे धुकं जवळून बघितलं तर गुळगुळीत नाही, रवाळ आहे. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारल्यावर पानावर निळसर कण वाळतात ना, अगदी तसं. चित्रकाराला हे माहीत असायची गरज नव्हती. मला माहीत होतं, म्हणून मला ते तिथे वाचता आलं.

ड्रमच्या उजवीकडे, लांब, पलीकडच्या शरद जातीच्या द्राक्षांच्या प्लॉटात एक पिवळा ठिपका आहे. बघणारे म्हणतात सूर्य उगवतोय. सूर्य त्या बाजूला उगवत नाही. तो ट्रॅक्टरचा दिवा आहे, आमचे हे ब्लोअर फिरवत होते. सही सोडली तर चित्रातला तेवढा एकच उबदार रंग. आजूबाजूचा करडा इतका थंड आहे म्हणून तो ठिपका उबदार वाटतो. एरवी साधा पिवळाच. धुक्याच्या चित्राचा मूड म्हणतात तो मला त्या ठिपक्यात सापडला. शांत, प्रसन्न वगैरे नाही. कुणीतरी काळजीनं जागं आहे आणि आवाज लांबून येतोय, असं ते चित्र आहे. आमच्या मुलीनं, सईनं, पहिल्यांदा बघितल्यावर विचारलं होतं, "पप्पा जेवले का?"

काय आवडलं नाही तेही सांगते. ओळींमधलं अंतर चुकलंय. नऊ फुटी ओळी चित्रात पाच-सहा फुटांच्या वाटतात, तिथून ट्रॅक्टर जाणारच नाही. हे नानांनी पहिल्या मिनिटाला पकडलं. दुसरं, सही गडद लाल रंगात आहे आणि जरा मोठी आहे. इतक्या दबक्या चित्रात नजर आधी तिकडे जाते. तिसरं नानांचं, माझं नाही. रामशेज इतका फिका का? १६८२ पासून मोगल वेढा घालून बसले तरी वर्षानुवर्षं हटला नाही तो किल्ला, आणि इथे तो आहे की नाही असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. सरांनी त्यांना उत्तर दिलं, "नाना, तुम्ही त्या दिवशी बागेत उभे होतात. दिसला का तुम्हाला?" नाना म्हणाले, "दिसला नाही, पण आहे ते माहीत होतं." सर म्हणाले, तेवढाच काढलाय.

फ्रेमचा अनुभव वाईट आला. सरांनी बजावलं होतं की माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालूनच करा. मी बाजारात जवळ पडलं त्या दुकानात दिलं, त्यानं माउंट न लावता काच थेट चित्रावर दाबली, मागे साधा हार्डबोर्ड मारला, आणि मी घाईत तपासलं नाही. वर चित्र लावलं पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर, जिला पावसाळ्यात ओल येते. ऑगस्टमध्ये काचेच्या आत पांढरे बारीक ठिपके दिसले. मला क्षणभर पान उलटून बघितल्यासारखं झालं, पोटात गोळा आला. सरांना त्याच दिवशी दाखवलं. त्यांनी फ्रेम उघडली, चित्र दोन दिवस सावलीत वाळू दिलं आणि मऊ कोरड्या ब्रशनं बुरशी हलकेच झटकली. पाण्याचा हात लावायचा नाही, हे महत्त्वाचं. नशिबानं रंगात काही उतरलं नव्हतं. याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

नंतर दुसरीकडे नीट फ्रेम केली, २,४०० रुपये पडले. आम्लरहित माउंट बोर्ड, त्यामुळे काच आणि चित्र यांच्यात फट राहते. मागची बाजू टेपनं पूर्ण बंद. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या, म्हणजे फ्रेम भिंतीला चिकटत नाही आणि मागे हवा खेळते. आणि जागा बदलून आतल्या भिंतीवर, खिडकीसमोर नाही. समोर खिडकी असली की काचेत खिडकीच दिसते. कागदावरचं चित्र घेणार असाल तर फ्रेमचे पैसे वाचवू नका.

आणखी एक. असलं चित्र फोनवर बघून पसंत-नापसंत करू नका. फोनचा कॅमेरा आपणहून गडद-फिकं वाढवतो. माझ्या फोनमधल्या फोटोत रामशेज ठळक येतो, धुकं पातळ होतं आणि तो पिवळा ठिपका पांढरा होतो. नातेवाइकांना मी फोटो पाठवला तर निम्म्यांनी विचारलं, यात अठरा हजारांचं काय आहे? तेच लोक घरी आले की सहा-सात फुटांवर उभे राहतात, मग हळूहळू पुढे सरकतात. तेवढं अंतर भिंतीसमोर मोकळं असेल तरच हे चित्र घ्या. ट्यूबलाइटच्या उजेडात ते मेलेलं दिसतं, आम्ही समोर पिवळसर बल्ब लावलाय.

पैसे वसूल का? माझ्या मते हो. अर्ध्या किमतीत कुणी फोटोवरून करून देईल, तसं सांगणारे मला भेटलेही. पण फोटोवरून केलं असतं तर त्यात दहिवराचा थेंब पडला नसता, आणि मी सांगितल्याबरोबर ड्रम निघून गेला असता. चित्रकार निवडताना हे एकच बघा. तो तुमच्या जागेवर येऊन बसतो का, आणि तुमच्या म्हणण्याला कुठे नाही म्हणतो.

बाग मे २०२४ मध्ये तोडली. जेसीबीनं दीड दिवसात सगळं साफ केलं. नाना त्या दिवशी बांधावर गेले नाहीत. संध्याकाळी हॉलमध्ये खुर्ची ओढून चित्रासमोर बसले. मी चहा ठेवला तर म्हणाले, "सगळं आहे, गंधकाचा वास तेवढा नाही." आणि ओळी मोजायला लागले.

पुढच्या दिवाळीत त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, आता त्यांचा बराच वेळ हॉलमधल्या खाटेवर जातो. उभ्या माणसाच्या नजरेनं लावलेलं चित्र त्यांना मान वर करून बघावं लागायचं. एक दिवस म्हणाले, खाली घ्या. आम्ही फूटभर खाली दुसरा खिळा मारला. वरचा खिळा तसाच आहे, सई तिथे शाळेचं ओळखपत्र अडकवते.